पिक्सेलफेडवर इन्व्हाइटने गेलो, तिथेच रमलो

गेल्या पावसाळ्यात एका मित्राने पिक्सेलफेड या फोटो शेअर करायच्या नेटवर्कवरच्या एका छोट्या सर्व्हरचं इन्व्हाइट पाठवलं. तेव्हापासून माझे फोटो तिथेच जातात.

पिक्सेलफेड ही कुठल्या एका कंपनीची साइट नाही. कॅनडातल्या डॅनिएल सुपरनॉल्टने २०१८ मध्ये सुरू केलेलं हे मुक्त सॉफ्टवेअर. कुणीही ते आपल्या सर्व्हरवर चालवावं, खातं कुणाला द्यायचं ते त्यानेच ठरवावं. आमच्याकडे इन्व्हाइटशिवाय प्रवेश नाही, आणि बोलावलेल्या माणसाने त्रास दिला तर विचारणा बोलावणाऱ्याला होते. म्हणून लोक जपून बोलावतात. 'प्रमोशनसाठी डीएम करा' म्हणणारं एकही खातं मला अजून दिसलेलं नाही.

जाहिराती नाहीत. ज्यांना फॉलो केलंय त्यांचेच फोटो दिसतात, ताजा सगळ्यात वर. पण मला धरून ठेवलं ते प्रतिसादांनी. कासच्या पठारावरच्या 'सीतेची आसवं' या किडे खाणाऱ्या रानफुलाचा फोटो टाकला होता. निळीजांभळी फुलं, पाकळीवर दव. दुसरीकडे नुसते बदाम पडले असते. इथे फिनलंडच्या एका बाईंनी विचारलं, किडे पकडणाऱ्या पिशव्या मातीत किती खोल असतात? मग त्यांनी आपल्या तळ्यातल्या त्याच कुळातल्या पिवळ्या फुलाचा फोटो दाखवला. त्या पिक्सेलफेडवर नाहीतच, मॅस्टोडॉन या दुसऱ्या सोशल नेटवर्कवर आहेत. दोन्हीकडे अ‍ॅक्टिव्हिटीपब हा एकच प्रोटोकॉल, म्हणजे सर्व्हरनी एकमेकांशी बोलायची ठरलेली पद्धत, असल्याने बोलणं होतं. दार बंद असूनही कोंडल्यासारखं वाटत नाही, ते यामुळे.

अडचणी आहेत. शोध कच्चा आहे, हॅशटॅग नीट दिले नाहीत तर फोटो कुणाला सापडतच नाही. मराठी मंडळी फारच थोडी. दिवाळीत आमचा सर्व्हर अख्खी रात्र बंद होता. दोन माणसं नोकरी सांभाळून तो चालवतात, त्यामुळे सकाळपर्यंत थांबावं लागलं. मी दर महिन्याला थोडे पैसे पाठवतो, ते अजिबात जड जात नाहीत.

फोटोच्या धंद्यासाठी गिऱ्हाईक हवं असेल तर इथे येऊ नका. फोटोवर बोलणारी माणसं हवी असतील तर जरूर या. मात्र इन्व्हाइट घेण्याआधी सर्व्हर कोण चालवतं, खर्च कसा भागतो, बॅकअप घेतात का, एवढं विचारा. आणि मूळ फाइली आपल्या हार्ड डिस्कवर ठेवाच.