सेव्हनच्या रेप्लिकाला कोन फिल्टर : नऊ महिने वापरल्यावर

मे महिन्यात कोन फिल्टर (इंजिनात जाणारी हवा गाळणारा, शंकूच्या आकाराचा), ॲल्युमिनियमचा पाइप आणि सिलिकॉनचे जोड असा संच मागवला. सगळं मिळून साडेसहा हजार. आता फेब्रुवारी चालू आहे. आठवड्याभरात लिहायला बसलो असतो तर पाचपैकी पाच तारे देऊन मोकळा झालो असतो, म्हणून थांबलो.

गाडी घरीच बांधलेली. कॉलिन चॅपमनने १९५७ मध्ये काढलेल्या लोटस सेव्हन या छोट्या, बसक्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या धर्तीची चौकट आणि आत मारुती जिप्सीचं १२९८ सीसीचं, १६ व्हॉल्व्हचं एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनचं) इंजिन. रस्त्यावर नेत नाही. गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करायला मर्यादा घालणाऱ्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ बद्दल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये जे सांगितलं, त्यानंतर ही घेऊन आरटीओसमोर उभं राहायची माझी छाती नाही. कोरेगावजवळ मामाच्या रानात मुरमाची गोल वाट आहे, तिथेच पळवतो.

सेव्हनचं बॉनेट इतकं बसकं, की जिप्सीची मूळ फिल्टरची पेटी त्याखाली मावतच नाही. त्यामुळे हौस म्हणा, गरज म्हणा, कोन फिल्टर लावणं भागच होतं. बसवायला दोन तास लागले. पहिला रेस दिला आणि असा घुमला की मामाची गुरं कान टवकारून बघायला लागली. त्या आवाजाने मी फसलो. गाडी जोरात पळतेय असं कानाला वाटत होतं, पाठीला काही जाणवत नव्हतं.

माशांच्या टाकीत लावतात तो वायरवाला डिजिटल थर्मामीटर आणला आणि त्याचं टोक फिल्टरच्या तोंडाशी चिकटवलं. बाहेर ३४ अंश, फिल्टरपाशी ६१! हवा जितकी तापेल तितकी विरळ होते. साधारण तीन अंशांमागे एक टक्का धरा. म्हणजे साडेसहा हजार घालवून मी इंजिनाला आठ-नऊ टक्के कमी हवा पाजत होतो. त्यात हवेचं तापमान मोजणारा सेन्सर मी एक्झॉस्टच्या बाजूला नुसता लोंबकळत सोडला होता. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, त्याचंच ऐकून पेट्रोल कमी सोडणार, त्याची काय चूक?

मग फिल्टरभोवती पत्र्याची पेटी केली, आतून उष्णतारोधक फॉइल चिकटवलं, सेन्सरला पाइपात भोक पाडून रबरी ग्रोमेटमध्ये बसवलं आणि हवा बॉनेटच्या कडेच्या जाळीतून घेतली. गाडी चालती असताना तापमान ४० वर आलं. उभी राहिली की चढतं, त्याला इलाज नाही. तिसऱ्या गिअरमध्ये ३० ते ६० ला ५.१ सेकंद लागायचे, आता ४.८. मोबाइलचं स्टॉपवॉच आहे, अंगठ्याची चूक धरूनच वाचा. आवाज मात्र निम्म्यावर आला. खरं सांगायचं तर त्याचं वाईट वाटलं.

खरा ताप दिवाळीनंतर सुरू झाला. उसाचे ट्रॅक्टर वाटेवरून जायला लागले की पिठासारखी धूळ उडते. मी फिल्टरनंतरच्या पाइपाला आतून ग्रीसचा पातळ हात फिरवून ठेवला होता, धूळ आत येत असेल तर त्यावर चिकटून दिसावी म्हणून. एका मेकॅनिकने शिकवलेली ही युक्ती. पंधरा दिवसांनी उघडून बघतो तर ग्रीसवर तांबूस कडं. फिल्टरचं कापड चांगलं होतं, धूळ जोडातून आत शिरत होती. पाइपाचं टोक गुळगुळीत कापलेलं, त्याला उठावाचा काठच नाही. त्यात पाइपाला आधाराची पट्टी दिली नव्हती. रेस दिला की इंजिन माउंटिंगवर डुलतं आणि क्लिप रोज केसभर सरकते. संचाच्या कागदावर याबद्दल एक ओळ नाही.

सातारा एमआयडीसीतल्या एका टर्नरकाकांकडे पाइप नेला. त्यांनी हातात फिरवून बघितला आणि म्हणाले, "ह्याला कॉलर कुठाय?" दोन्ही टोकांना काठ उठवून दिला, वर चहाही पाजला. साडेतीनशे घेतले. पाइपाला चौकटीवरून रबरी बुशची पट्टी दिली. तेव्हापासून ग्रीस स्वच्छ आहे.

याच सुमारास गाडी थंड असताना आयडलला आरपीएम वरखाली व्हायचा. इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणाऱ्या थ्रॉटल बॉडीकडे दोन दिवस संशयाने बघितलं. शेवटी हवा इंजिनात नेणाऱ्या मॅनिफोल्डच्या आसपास कार्ब क्लीनर थोडाथोडा फवारत गेलो, तर एका ठिकाणी आरपीएम एकदम बदलला, म्हणजे गळती तिथेच. व्हॅक्यूमची जुनी नळी चिरलेली, ऐंशी रुपयांची. हे करताना इंजिन गार हवं आणि अग्निशामक हाताशी हवा. टॅपेट कव्हरकडून येणारी ब्रीदरची (इंजिनाच्या आतली वाफ बाहेर काढणारी) नळीही फिल्टरनंतरच्या पाइपालाच जोडा. ती उघडी सोडून तोंडावर फडकं बांधलेल्या गाड्या मी पाहिल्यात. धूळ थेट ऑइलमध्ये जाते.

फिल्टर दोनदा धुतला. सावलीत पूर्ण वाळवायचा आणि तेल बेताने लावायचं. पहिल्या वेळी मी पुरणपोळीवर तूप ओतावं तसं ओतलं आणि ते पाइपभर पसरलं.

फिल्टरला चार तारे, पाइपाला दोन, सोबत आलेल्या क्लिपांना एकही नाही. पेटीच्या तळाला पाणी निघून जायला भोक ठेवलंय, ते गेल्या पावसाळ्यात पाचटाने बुजलं होतं आणि आत वाटीभर पाणी साठलं होतं. जूनच्या आधी ते मोठं करून जाळी लावायची आहे.