हातानं ढकलायचं लॉन मूव्हर: दसरा ते होळी, कोल्हापुरातला वापर

बिनमोटरचं, बिनवायरचं, हातानं ढकलायचं लॉन मूव्हर दसऱ्याच्या सुमाराला ऑनलाइन मागवलं होतं. कापायची रुंदी 12 इंच, पाच पात्यांचं रीळ, मागं लहान रोलर, किंमत सहा हजारांच्या आत. आता होळी झाली, म्हणजे अख्खी थंडी त्याच्यावर निघाली. घरापुढं साधारण चारशे चौरस फुटांचं लॉन आहे, गवत सिलेक्शन वन जातीचं. मशीन चांगलं आहे, पैसे वसूल. पण थंडीत लॉन खराब होतं त्याची निम्मी कारणं कापण्याशी संबंधितच नसतात, त्यामुळं पाणी, खत, सावली, हुमणी (मुळं खाणारी अळी) हे सगळं यात येणार. ज्यांना फक्त मशीनचं वाचायचंय त्यांनी मधले परिच्छेद सोडले तरी चालतील.

आधी आमच्याकडं ब्रश कटरवाला यायचा. तासाभराचं काम, पण नायलॉनची दोरी गवत कापत नाही, झोडपते. पात्यांची टोकं फाटतात आणि दोन दिवसांनी सगळ्या लॉनवर पांढुरकी-तपकिरी झाक येते. पावसाळ्यात नवी वाढ जोरात असते, म्हणून ते झाकून जातं. थंडीत वाढच मंदावते, मग ती झाक पंधरा-पंधरा दिवस हलत नाही. रिळाच्या मशीनमध्ये फिरतं पातं गवताला खालच्या स्थिर पट्टीवर आणून कात्रीसारखं कापतं. कापलेलं टोक हातात घेऊन बघितलं तर सरळ, स्वच्छ. एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा मी हे मशीन घेतलं असतं. हे यंत्र एडविन बडिंग नावाच्या माणसानं 1830 साली इंग्लंडमध्ये काढलं, तेही कापडगिरणीतल्या, कापडावरचा तंतू छाटायच्या यंत्रावरनं. इचलकरंजीकरांनी याचा अभिमान बाळगायला हरकत नाही.

ढकलायला जड नाही, आवाज फक्त खरखर. सकाळी सहाला चालवलं तरी शेजारचे उठणार नाहीत, असं जाहिरातीत म्हटलंय. आवाजाचं खरं आहे, पण थंडीत सकाळी सहाला ते चालवायचंच नसतं. नोव्हेंबरपासून लॉनवर दहिवर असतं. ओलं गवत पात्याखाली आडवं होतं, कापलेलं रोलरला चिकटून त्याचा गोळा होतो आणि चाकं जागेवर घसरतात. ऊन येऊन गवत वाळलं की मग कापायचं, आमच्याकडं साडेदहा-अकराच्या पुढं. सोबत आलेली कापडी पेटी मी पहिल्याच आठवड्यात काढून ठेवली, वळताना सारखी निसटायची. तिची गरजही नाही. बारीक कापलेलं गवत तिथंच पडू दिलं की कुजून त्यातला नत्र परत जमिनीत जातो.

उंची चार टप्प्यांत बदलता येते, साधारण 15 ते 40 मिलिमीटर. एका वेळी गवताच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त छाटायचं नाही, हा नियम बाराही महिने. पावसाळ्यात आठवड्याला कापावं लागतं, डिसेंबर-जानेवारीत पंधरा-वीस दिवसांनी पुरतं. थंडीत एक टप्पा उंच ठेवा. वाढ कमी असताना बुडापर्यंत छाटलं की खालचे पिवळे दांडे उघडे पडतात आणि ते भरून यायला फेब्रुवारी उजाडतो.

आता खोक्यातल्या पुस्तिकेबद्दल. त्यात थंडीच्या तयारीचं एक पान आहे: शरद ऋतूत जमिनीला भोकं पाडा, बी पेरा, भरपूर नत्राचं ‘विंटरायझर’ खत द्या, पडलेली पानं गोळा करा. हे सगळं खरं आहे, पण केंटकी ब्लूग्रास, फेस्क्यू, रायग्रास अशा थंड हवेतल्या गवतांसाठी. त्यांचा बहर वसंतात आणि शरदात असतो, म्हणून त्यांचं मुख्य खत तेव्हा. आपलं सिलेक्शन वन म्हणजे शेवटी निवडक हरळीच, तिला ऊन लागतं. तिची खरी वाढ 27 ते 35 अंशांत. कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री सरासरी 15 अंशांच्या आसपास उतरतात, दुपारी मात्र 28-30 असतंच. म्हणजे बर्फाच्या देशासारखं गवत पूर्ण झोपत नाही, नुसतं रेंगाळतं. त्याला त्या वेळी नत्र पाजून उठवायचं काही कारण नाही. भोकं पाडायचं कामही आपल्याकडं जूनमध्ये करावं, लगेच भरून येतं. आमचे गावाकडचे मामा दिवाळीत आले होते, त्यांचा प्रश्न वेगळाच: “आमी हरळी काढून काढून मराय लागलोय, आन् तुमी पैसं दिऊन लावताय?” यावर उत्तर नाही.

खत मी असं दिलं. पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात एकदा युरिया, चौरस मीटरला 10-11 ग्रॅम, म्हणजे चारशे चौरस फुटांना 400 ग्रॅम. एका वेळी याहून जास्त नको, आणि टाकल्या टाकल्या पाणी. वरनं कुजलेलं प्रेसमड (उसाचा रस गाळून उरलेला गाळ) आणि वाळू चाळून अगदी पातळ थर. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात प्रेसमडची कमी नाही, पण ताजं आणू नका, ते तापतं आणि मुळं भाजतात. शेणखतही पूर्ण कुजलेलंच, नाहीतर त्यातनं लव्हाळा आणि गाजर गवताचं बी फुकट घरी येतं. मग फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत खत बंद.

सावलीचा हिशोब कुणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर. आमची कंपाउंडची भिंत लॉनच्या दक्षिणेला, पाच फुटांची. मे महिन्यात भरदुपारी तिची सावली नसल्यातच जमा, कारण सूर्य डोक्यावर. 22 डिसेंबरच्या सुमाराला कोल्हापुरात दुपारचा सूर्य क्षितिजापासून 50 अंशांच्या आतबाहेर असतो, त्यामुळं त्याच भिंतीची सावली उत्तरेकडं चार फुटांहून जास्त पडते. तेवढा पट्टा थंडीभर विरळ आणि ओलसर राहतो, शेवाळ धरतो. तिथं पाणी निम्मं करा, मशीन एक टप्पा आणखी उंच लावा. आमच्याकडं त्याच पट्ट्यावर पोरांनी दिवाळीचा किल्ला केला होता, अळीव पेरून, बुरूज-बिरूज सगळं. तुळशीच्या लग्नानंतर माती उचलली तेव्हा खाली फिक्कट पिवळं गवत. उन्हातली जागा असती तर तीन-चार आठवड्यांत हिरवी झाली असती, सावलीतली फेब्रुवारीपर्यंत तशीच. पुढच्या वर्षी किल्ला पश्चिमेच्या कोपऱ्यात, असं सर्वानुमते ठरलंय. पोरांचं मत अजून घेतलेलं नाही.

ऑक्टोबरातच गेटजवळ ताटाएवढे दोन-तीन पिवळे डाग दिसले. पाणी दिलं तरी पिवळेच. हातानं गवत धरून ओढलं तर चटईसारखं उचलून आलं, खाली मुळंच नाहीत. बोटभर माती उकरली की पांढऱ्या, वाकड्या अळ्या, डोकं तांबूस. उसाच्या जिल्ह्यात हुमणी सांगायला नको. वळवाच्या पावसाबरोबर भुंगेरे बाहेर पडतात, रात्री कडुलिंब-बाभळीचा पाला खातात, अंडी मातीत घालतात, आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर मोठ्या झालेल्या अळ्या मुळं फस्त करतात. मेटारायझियम या अळ्या मारणाऱ्या बुरशीची पावडर कुजलेल्या खतात मिसळून ओल्या मातीत दिली. ती सावकाश काम करते, पण पुढं डाग वाढले नाहीत. सळुंक्यांनीही उकरलेल्या जागी बरंच काम केलं. एवढं लक्षात घ्या की नोव्हेंबरनंतर अळ्या खाणं सोडून खोल कोषात जातात, मग वरनं औषध ओतून उपयोग नाही. खरा बंदोबस्त मे-जूनमध्ये, रात्री दिव्याखाली भुंगेरे गोळा करून. आणि असे डाग असताना मूव्हर त्यावरनं नेऊ नका, सैल गवत रिळात ओढलं जातं.

पाण्याला फार विचार लागत नाही. लॉनवर चार रिकामे डबे ठेवून पाइप लावा, डब्यात किती मिलिमीटर साठलं ते मोजा. उन्हाळ्यात आठवड्याला 25 मिलिमीटर लागतं, थंडीत 12 पुरे. चारशे फुटांना ते होतात साडेचारशे लिटर, एक किंवा दोन वेळांत. सकाळी द्या. संध्याकाळी दिलं की रात्रभर पाती ओली राहतात, त्यावर दहिवर, मग बुरशीचे रुपयाएवढे ठिपके. आमचं बोअरचं पाणी आहे. काळम्मावाडी धरणावरनं शहराला येणाऱ्या थेट पाइपलाइनचं पाणी गवतावर सोडायला जीव होत नाही.

आता मशीनच्या धारेविषयी. जानेवारीत कापताना मागं गवताच्या उभ्या रेघा राहायला लागल्या. अशा वेळी खालच्या पट्टीचे दोन्ही बाजूंचे स्क्रू पाव-पाव आटा फिरवायचे आणि वर्तमानपत्राचा कागद रीळ आणि त्या पट्टीच्या मध्ये धरून रीळ हातानं हळू फिरवायचं. डावीकडं, मध्ये, उजवीकडं, तिन्ही ठिकाणी कागद कापला गेला पाहिजे. आमचा उजवीकडं नुसता दुमडायचा. म्हणजे धार गेलेली. विकणाऱ्या कंपनीकडं विचारलं तर रिळाचा पूर्ण संच बदला म्हणाले, निम्म्या मशीनच्या किमतीत. मी शिवाजी उद्यमनगरात नेलं. मिस्त्रींनी एक नजर टाकली: “ह्यात काय हाय? व्हॉल्व्ह बशिवतोय तसंच.” चाक काढलं, रिळाच्या दांड्याला पाना लावला, पात्यांवर इंजिनाचे व्हॉल्व्ह घासायची पेस्ट ब्रशनं लावली आणि रीळ उलटं फिरवत राहिले. आवाज आधी करकर, मग एकसारखा सर्रर्र. रॉकेलनं पुसून कागद घातला, तिन्ही ठिकाणी सफाचट. मजुरीपेक्षा चहाला जास्त वेळ गेला. ऑइल इंजिनांच्या गावात राहत असाल तर धारेचं टेन्शन घेऊ नका.

उणिवा सांगायच्या तर, काडी किंवा खडा अडकला की रीळ खाडकन थांबतं. पुस्तिकेतली ऑक्टोबरची पानगळ आपल्याकडं फेब्रुवारीत येते, कडुलिंब आणि देशी बदाम दोन्ही एकदमच. तेव्हा आधी खराट्यानं झाडल्याशिवाय मशीन काढूच नये. भिंतीकडेची तीन इंच पट्टी कापली जात नाही, तिथं विळाच. लव्हाळ्याचे तुरे उंच झाले की ते वाकतात, कापले जात नाहीत. पंधरा दिवस झड लागून गवत वीतभर झालं तर हे मशीन हात टेकतं, म्हणून ब्रश कटरवाल्याचा नंबर अजून ठेवलाय.

घ्यायचं असेल तर सपाट जागा, हजार फुटांच्या आत, हरळीच्या जातीचं गवत, एवढं जुळतंय का बघा. मेक्सिकन लॉन असेल तर नको. ते दाट आणि चिवट, हातानं ढकलताना खांदे भरून येतात. खोकं उघडल्यावर सगळे नट एकदा पान्यानं आवळा, माझ्यात हॅण्डलचे दोन सैल होते. पट्टीचे स्क्रू बाहेरून फिरवता येतात का तेही बघा, काही मॉडेलमध्ये त्यासाठी चाक काढावं लागतं.