ड्यूक होमस्टेड, डरहॅम: संग्रहालय शेवटी, बार्न आधी

नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅमला तंबाखूचा इतिहास म्हणून बहुतेक जण लकी स्ट्राइक या सिगारेट ब्रँडचं नाव मिरवणारी पाण्याची टाकी आणि चिमणी पाहून परततात. तिथल्या विटांच्या जुन्या तंबाखू-कारखान्यांत आज ऑफिसं आणि रेस्टॉरंटं आहेत. तंबाखू कळायची असेल तर ड्यूक होमस्टेडच गाठावं: सिगारेटच्या धंद्यात पुढे आलेल्या ड्यूक कुटुंबाचं जुनं शेतघर, आता ऐतिहासिक स्थळ. प्रवेश मोफत, रविवार-सोमवार बंद.

इथला खरा ऐवज म्हणजे तंबाखूची पानं सुकवायचा बार्न, म्हणजे कोठार. विस्तव पेटतो बाहेरच्या तोंडाशी; धूर पत्र्याच्या नळ्यांतून जमिनीलगत फिरून बाहेर पडतो, पानांना फक्त आच लागते. पानं काठ्यांना बांधून आडव्या बल्ल्यांवर थराथरानं टांगतात. पहिले एक-दोन दिवस १०० अंश फॅरनहाइटच्या आसपास, पान पिवळं होईपर्यंत. इथे घाई केली की हिरवा रंग तसाच राहतो; ओल कोंडली तर पान काळवंडतं. मग उष्णता हळूहळू १६० ते १७० अंशांपर्यंत चढवायची. मधली शीर सगळ्यांत शेवटी वाळते; ती ओली राहिली तर रचलेल्या मालाला बुरशी येते. सगळं मिळून पाच-सात दिवस, रात्रीचा पहारा धरून, कारण सुटलेलं पान तापल्या नळीवर पडलं की बार्नच पेटायचा. वाळलेलं पान हात लावताच चुरतं, म्हणून दमट हवेत मऊ पडल्यावरच काठीवरून उतरवतात.

या कुटुंबाचा कर्ता वॉशिंग्टन ड्यूक, त्याचं घर १८५२ चं. लाकडी पहिला 'कारखाना' नव्यानं उभारलेला आहे, हे ध्यानात ठेवून पाहा. दुमजली तिसरा कारखाना मात्र मूळचा. इथल्या राबणाऱ्यांत कॅरोलिन नावाची गुलाम स्त्री होती. मार्गदर्शकानं तिचा उल्लेख केला नाही तर आपण विचारावं.

संग्रहालय शेवटी ठेवण्याचं कारण असं, की हातांचा हा खटाटोप पाहिल्यावरच १८८४ चा बदल अंगावर येतो. ड्यूक मंडळींनी तेव्हा सिगारेटी वळणारं बॉनसॅकचं यंत्र चालू केलं. दहा तासांत सुमारे १,२०,००० सिगारेटी. हातानं वळणारा निष्णात कारागीर दिवसाला तीनेक हजारांवर अडखळायचा. १८९० मध्ये ड्यूकांची मक्तेदार अमेरिकन टोबॅको कंपनी, १९११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिचे केलेले तुकडे, हे ओघानं येतंच.

जमल्यास सप्टेंबरातल्या सुगीच्या उत्सवाला जा. पानं काठीला बांधायचं काम तेव्हा प्रत्यक्ष चालतं, लिलावाचा नमुनाही होतो. एरवी बार्न गारच असतो.