स्टॅटिस्टिक्सचं लिमिट: पोस्टग्रेस, एसक्यूएल सर्व्हर, ओरॅकल की मायएसक्यूएल?

डेटाबेसमधे टेबल कोट्यवधी रोंचं असलं तरी त्याचं स्टॅटिस्टिक्स, म्हणजे कुठली व्हॅल्यू साधारण किती वेळा येते याचा गोषवारा, छोटंसंच ठेवतात, आणि ते डिस्क वाचवायला नाही, प्लॅन बनवताना प्लॅनरला (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाला) ते दरवेळी चाळावं लागतं म्हणून. तेव्हा बघायचं ते लिमिट किती आणि ते आपल्या हातात आहे का.

समजा ऑर्डर्सच्या टेबलमधे ४०० कस्टमर तगडे आहेत, बाकी हजारो किरकोळ. पोस्टग्रेसमधे स्टॅटिस्टिक्सचं टार्गेट (हेच त्याचं लिमिट) डिफॉल्ट १००, म्हणजे फार तर १०० व्हॅल्यूंची फ्रिक्वेन्सी तो वेगळी लिहून ठेवतो, १०१ वा कस्टमर कितीही मोठा असूदे त्याला उरलेल्यांची सरासरी लावून मोकळा होतो, मग लाखभर रो येणार तिथे शंभरेक येतील असं धरून नेस्टेड लूप (एकेका रोसाठी दुसऱ्या टेबलात पुन्हा पुन्हा शोध) लावतो आणि क्वेरी बसते लोंबकळत. उपाय सोपाय, त्या एकाच कॉलमला सेट स्टॅटिस्टिक्स ५०० द्या आणि ॲनालाइझ मारा, म्हणजे स्टॅटिस्टिक्स नव्याने गोळा होईल. १०००० पर्यंत जाता येतं पण उगाच जाऊ नका, सॅम्पल टार्गेटच्या ३०० पट असतं, म्हणजे ३० लाख रो झाले की!

एसक्यूएल सर्व्हरमधे ही सोयच नाही. हिस्टोग्रामला (व्हॅल्यूंचे गट पाडून प्रत्येकात किती रो ते लिहिलेला तक्ता) २०० स्टेप म्हणजे गट, नलसाठी एक जादा, विषय संपला. फिल्टर्ड स्टॅटिस्टिक्सने तुकडे पाडता येतात, प्रत्येकाला आपापल्या २०० स्टेप मिळतात, पण क्वेरीत थेट व्हॅल्यूऐवजी पॅरामीटर असेल आणि रीकंपाइलची हिंट (दरवेळी प्लॅन नव्याने बनव अशी सूचना) नसेल तर ते सहसा वापरलंच जात नाही, आणि ॲपमधून येणाऱ्या क्वेऱ्या तर बहुतेक तशाच असतात.

ओरॅकलला ११जी पर्यंत २५४ बकेट (हिस्टोग्रामचे गटच) होत्या, १२सी पासून २०४८ चालतात, डिफॉल्ट मात्र २५४च.

मायएसक्यूएलला हिस्टोग्राम आले ८.० मधे, डिफॉल्ट १०० बकेट, कमाल १०२४, आणि ते आपण सांगितल्याशिवाय बनत नाहीत. पण कस्टमर आयडीवर इंडेक्स असेल आणि थेट व्हॅल्यू दिली असेल तर तो इंडेक्समधेच डोकावून अंदाज काढतो, त्यामुळे वरच्या उदाहरणात लिमिट फारसं बोचत नाही. बोचतं ते लांब स्ट्रिंगला, पहिली ४२ अक्षरंच बघतो, म्हणजे एकाच साइटच्या लांबलचक यूआरएल त्याला सगळ्या सारख्याच. पोस्टग्रेस इथे १०२४ बाइटपर्यंत धरतो, त्यापुढच्या व्हॅल्यू सोडून देतो.

इंडेक्स नसलेल्या तिरक्या डेटावर (मूठभर व्हॅल्यू फार जास्त, बाकी किरकोळ) जॉइन जास्त असतील तर मी डोळे झाकून पोस्टग्रेस घेईन. एसक्यूएल सर्व्हर आधीच चालू असेल तर निव्वळ २०० स्टेपसाठी मायग्रेशन काढू नका, आधी तुमच्या तगड्या व्हॅल्यू २०० च्या वर जातात का ते मोजा.