बोटांचे ठसे न देताच ‘रिजेक्ट’ झालेला व्हिसा

परदेशातल्या हस्तकला महोत्सवाला ग्रुपने नेते, वर्कशॉप, व्हिसा, राहणं-खाणं सगळं माझ्याकडे लागलं, असं सांगून एका बाईने श्रीवर्धन-म्हसळा भागातल्या, फेल्टच्या (लोकर न विणता दाबून केलेल्या कापडाच्या) पिशव्या करणाऱ्या आम्हा बायकांकडून पैसे घेतले. आता ती फोन उचलत नाही. तक्रार चालू आहे, म्हणून तिचं किंवा तिच्या संस्थेचं नाव इथे देत नाही. पण तिची पद्धत कळायला हवी. गोधडी करणाऱ्या, बांबूकाम करणाऱ्या ओळखीच्या बायकांनाही अशी बोलावणी येऊ लागली आहेत.

कोकणात फेल्ट कुठून आलं, असं कुणीही विचारेल. 3 जून 2020 ला निसर्ग वादळाने आमच्या वाड्या झोपवल्या. श्रीवर्धनी रोठा सुपारीवर चालणारी घरं एका दुपारीत रिकामी झाली. नवी रोपं लावली तरी पीक हातात यायला वर्षं जातात. त्या काळात आम्ही काही जणी एका प्रशिक्षणात लोकरीचं काम शिकलो. भात कापून झालं की घाटावरचे धनगर मेंढरं घेऊन खाली उतरतात आणि माणगाव-रोह्याकडच्या शेतांत खतासाठी मेंढ्या बसवतात. त्यांच्याकडून काळी दख्खनी लोकर मिळायला लागली. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. कोमट साबणाच्या पाण्यात ती चोळली, चटईत गुंडाळून लाटली, की खवले एकमेकांत अडकतात आणि न विणता कापडासारखा घट्ट थर तयार होतो.

दख्खनी लोकर मात्र राठ आणि केसाळ. घोंगडीला उत्तम, फेल्टला हट्टी. तिच्यावर बाहेरून आणलेल्या मऊ मेरिनो लोकरीचा थर दिला की पिशवी दिसते देखणी, पण वाळल्यावर वरचा थर कडेने सुटायला लागतो. गिऱ्हाईक नखाने उचलून बघतं आणि पिशवी परत ठेवतं. हे कसं सोडवायचं ते आम्हाला कुणीच सांगत नव्हतं. एका प्रदर्शनात ती बाई आमच्या स्टॉलवर आली. तिने पिशवी उलटी केली, सुटलेली कड बोटाने चाचपली आणि म्हणाली, “ताई, हंगेरीत राठ लोकरीवर काम करणारे जुने कारागीर आहेत. महोत्सवात त्यांच्या हाताखाली बसलात तर हे तिथेच सुटेल.” हंगेरीत ही कला काही कारागिरांनी 1980 च्या दशकात पुन्हा उभी केली, हे तिने सांगितलं आणि ते खरंच आहे. महोत्सवही खरा होता. तिचं बोलणं पटलं ते यामुळे. आपल्या कामातली नेमकी अडचण ओळखणारं माणूस पैसे बुडवेल असं मनातही येत नाही, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं.

पैसे एकदम मागितले नाहीत. आधी नोंदणीचे आठ हजार. महिनाभराने ‘सीट धरून ठेवायला’ साठ हजार. मग व्हिसा फी म्हणून अठ्ठावीस हजार, मग तिकीट. प्रत्येकीचे दीड लाखाच्या वर गेले. संस्थेच्या खात्याचं काम चालू आहे म्हणून सगळी रक्कम यूपीआयने एका पुरुषाच्या वैयक्तिक खात्यावर घेतली. आमच्यातल्या एका काकूंनी ग्रुपवर पावती मागितली, तर सगळ्यांसमोर उत्तर आलं: “काकू, विश्वास नसेल तर तुमचं नाव काढते, वेटिंगला खूप जणी आहेत.” त्यानंतर ग्रुपवर कुणी काही विचारलं नाही. पावती मागणं हा तुमचा हक्क आहे, आणि त्यावर जो रागावतो त्याला पुढचा रुपया देऊ नका. काकूंचा प्रश्न बरोबर होता. त्या दिवशी तो सगळ्यांनी मिळून लावून धरला असता तर साठ हजारांच्या हप्त्यापुढे कुणाचं काही गेलं नसतं.

माहितीपत्रकातले फोटोही बघण्यासारखे होते. उंच पांढऱ्या टोप्या घातलेले पुरुष पायाने बोरूच्या चटईची गुंडाळी लाटतायत, मागे गोल तंबू, आणि खाली लिहिलेलं ‘हंगेरीतील कार्यशाळा’. एका वहिनींच्या मुलीने तो फोटो गूगलवर टाकला तेव्हा कळलं की तो किर्गिझस्तानचा आहे. ती टोपी म्हणजे किर्गिझांची फेल्टचीच आक-कल्पाक. दुसऱ्या फोटोत शिरदाक होता. दोन रंगांचे थर एकावर एक ठेवून नक्षी एकत्र कापायची आणि तुकडे अदलाबदल करून शिवायचे, असं ते काम. किर्गिझांचे शिरदाक आणि आला-कियीझ हे गालिचे युनेस्कोने 2012 मध्ये तातडीने जपायच्या वारशाच्या यादीत घेतले आहेत. म्हणजे जगभर ओळखली जाणारी गोष्ट दुसऱ्या देशाच्या नावावर खपवली होती.

आता मुख्य मुद्दा. निघायची तारीख जवळ आली आणि ग्रुपवर मेसेज आला: “सगळ्यांचे व्हिसा रिजेक्ट झाले. एम्बसीच्या हातात आहे, माझा नाइलाज आहे, पैसे परत मिळत नाहीत.” बायका रडल्या. पण माझा पासपोर्ट तेव्हा माझ्याच कपाटात होता. तिने फक्त झेरॉक्स नेली होती.

हंगेरी शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांत येतं. शेंगेन व्हिसासाठी मूळ पासपोर्ट जमा करावा लागतो. पहिल्यांदा अर्ज करणाऱ्या मोठ्या माणसाला व्हिसा केंद्रात स्वतः जाऊन दहा बोटांचे ठसे द्यावे लागतात. एजंट तुमच्या वतीने ठसे देऊ शकत नाही. एकदा दिलेले ठसे 59 महिने पुढच्या अर्जांना वापरता येतात, पण आमच्यातल्या कुणीच आधी दिलेले नव्हते. नकार आलाच तर कारणावर खूण केलेला ठरावीक नमुन्यातला कागद अर्जदाराला मिळतो. आमच्यातली एकही मुंबईला ठसे द्यायला गेली नव्हती, कुणालाही कागद मिळाला नाही. म्हणजे अर्ज केलाच नव्हता. फीसुद्धा बघा: जून 2024 पासून ती मोठ्या माणसाला 90 युरो आहे, म्हणजे आठ-नऊ हजार रुपये, वर केंद्राचा सेवाआकार. अठ्ठावीस हजार कुठल्याच हिशोबात बसत नाहीत.

आणखी एक गोष्ट आमच्या सीएने दाखवली. परदेशी टूर पॅकेज विकणाऱ्याला 1 ऑक्टोबर 2020 पासून गिऱ्हाइकाकडून टीसीएस, म्हणजे विकतानाच घ्यायचा आयकर, गोळा करून सरकारात भरावा लागतो. तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि आयकराच्या 26एएस या विवरणात दिसतो. आमच्याकडून तिने पॅन मागितलंच नव्हतं. पॅन न विचारता कुणी परदेश सहलीचं पॅकेज विकत असेल तर तिथेच थांबा. जीएसटी नंबर दिला तर जीएसटीच्या साइटवर टाकून नाव जुळतं का ते पाहा, दोन मिनिटं लागतात.

महोत्सवाच्या आयोजकांना आम्ही नंतर साध्या इंग्रजीत मेल केला. लगेच उत्तर आलं: भारतातून कोणताही ग्रुप नोंदवलेला नाही, त्यांचा इथे कुणी प्रतिनिधी नाही, आणि वर्कशॉपची फी प्रत्येक जण थेट त्यांच्याकडेच भरतो. हा मेल पैसे भरायच्या आधी कुणीही करू शकतं. इंग्रजीची भीड वाटत असेल तर कॉलेजात जाणाऱ्या पोराला सांगा, चार ओळींचं काम आहे.

तक्रारीचं सांगते. पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम खात्यात अडवून धरण्याची शक्यता जास्त. पोलिसांत ‘हा आपसातला व्यवहार आहे’ असं ऐकावं लागलं तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. देण्याघेण्याची नुसती बाकी वेगळी आणि खोटं सांगून पैसे घेणं वेगळं. दुसऱ्याला भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318 लागतं. ग्राहक आयोगात तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाद मागता येते, आम्हाला अलिबाग. एजंट पुण्याचा की दिल्लीचा याने फरक पडत नाही. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची.

आमच्यातल्या काही जणींनी अजून घरी सांगितलेलं नाही, त्यामुळे त्यांची नावं तक्रारीत नाहीत. त्यांनाही आणि तुमच्यापैकी कुणी अशा ग्रुपमध्ये असेल तर तुम्हालाही सांगते: ग्रुप सोडू नका, चॅट आधी एक्सपोर्ट करून ठेवा, बँकेच्या स्टेटमेंटवरून प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर (ओळख क्रमांक) उतरवून घ्या, आणि अर्ज स्वतःच्या नावाने वेगळा द्या.