पुढच्या डाव्या चाकाचा आवाज, वॉरंटी आणि सर्व्हिस सेंटरच्या पाच फेऱ्या (५ पैकी २ स्टार)

सर्व्हिस सेंटरचं नाव मुद्दाम लिहीत नाही, प्रकरण अजून चालू आहे. पण साताऱ्यात राहणारे, नवीन गाडी वॉरंटीत असलेले कोणी असाल आणि गाडी खालून वाजत असेल तर हे पूर्ण वाचा, माझं दीड वर्ष गेलंय यात.

गाडी २०२३ च्या दसऱ्याला घेतली, पेट्रोल हॅचबॅक, वॉरंटी ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर, यातलं जे आधी होईल ते. आत्ता मीटरवर २१ हजार आहेत, म्हणजे किलोमीटरची चिंता नाही, तारखेची आहे. पहिल्यांदा आवाज आला तो २०२४ च्या पावसाळ्यात. यवतेश्वर घाटातून खाली उतरताना पुढून डावीकडून टक्क, मग परत टक्क. मला वाटलं दगड उडाला असेल. आई शेजारी बसलेली, ती म्हणाली अरे खालून काय सुटलंय का बघ. तेव्हापासून ती प्रत्येक स्पीडब्रेकरला दरवाजाचं हँडल धरते. तिचे गुडघे दुखतात म्हणून तर ही जरा उंच सीटची गाडी घेतली होती, तिला दर महिन्याला पुण्याला डॉक्टरकडे न्यावं लागतं, आणि ज्या गाडीत तिने निवांत बसावं त्या गाडीची तिला भीती वाटायला लागली याचं मला फार वाईट वाटतं.

पहिली फेरी म्हणजे तिसरी फ्री सर्व्हिस, १० हजारची. अॅडव्हायझरला तोंडी सांगितलं की पुढून आवाज येतो, तो म्हणाला सर बघून घेतो, टाइट करून देतो. संध्याकाळी गाडी धुऊन पुसून मिळाली, आवाज तसाच. आणि माझी सगळ्यात मोठी चूक इथंच झाली, जॉबकार्डवर, म्हणजे तक्रार आणि केलेलं काम लिहितात त्या कागदावर, काय लिहिलंय ते मी वाचलंच नाही. नंतर काढून बघितलं तर त्यात 'जनरल चेकअप' एवढंच, आवाजाचा शब्दसुद्धा नाही. म्हणजे कागदावर बघायला गेलं तर १० हजारला माझ्या गाडीला काहीच त्रास नव्हता.

दुसऱ्या फेरीला टेस्ट ड्राइव्हला अॅडव्हायझर स्वतः बसला, पण त्याने गाडी नेली हायवेच्या सर्व्हिस रोडला, ६० च्या स्पीडने, गुळगुळीत रस्त्यावर, काच अर्धी खाली, एसी चालू. तिथं कसा येईल आवाज? मी म्हणलं गाडी गोडोलीच्या आतल्या बोळात घ्या, १०-१५ च्या स्पीडला, तर म्हणाला सर वेळ नाही, लाइन लागलीय. लिंक रॉड (वळणावर गाडी झुकू नये म्हणून असलेल्या आडव्या बारला चाकाच्या बाजूशी जोडणारा छोटा दांडा) बदलून दिला, वॉरंटीतून, पैसे घेतले नाहीत हे खरं. फरक शून्य.

तिसऱ्या फेरीला स्ट्रट माउंट बदललं. शॉकअपच्या वर रबरचं बसतं ते. १२ दिवस आवाज गायब होता, मी घरी पेढे आणले होते खरंच सांगतो, तेराव्या दिवशी पोवई नाक्यावर सिग्नलला ब्रेक दाबला आणि टक्क.

चौथ्या फेरीला गाडी ९ दिवस ठेवून घेतली, दुसरी गाडी दिली नाही, आईला एसटीने पुण्याला न्यावं लागलं. आणि ९ दिवसांनी जॉबकार्डवर काय लिहून आलं, तर 'नो अॅबनॉर्मलिटी फाउंड, कॅरेक्टरिस्टिक ऑफ व्हेइकल'. म्हणजे आवाज हा या गाडीचा स्वभावच आहे. मी म्हणलं तसं असेल तर शोरूममधली याच मॉडेलची डेमो गाडी काढा, याच बोळातून दोन्ही गाड्या फिरवू, तिचाही येत असेल तर मी परत तोंड उघडणार नाही. डेमो गाडी काढायला तयार झाले नाहीत. तिथं मला कळलं की आता प्रश्न नुसत्या आवाजाचा राहिला नाही.

एक मात्र मनापासून सांगतो, त्या वर्कशॉपमध्ये एक तरुण पोरगा आहे, नुकताच आयटीआय करून लागलेला असावा. बाकी सगळे मला टाळत होते तेव्हा तो जेवणाच्या सुट्टीत माझ्यासोबत गेटपर्यंत आला, स्वतः डाव्या बाजूला खाली बसला आणि मला म्हणाला काका, रिव्हर्स घ्या, मग पुढं घ्या आणि हळूच ब्रेक मारा. टक्क. परत केलं, परत टक्क. तो म्हणाला येतोय आवाज, मी सांगतो वर. त्याने सांगितलंही, पण त्याचं कोण ऐकणार.

मग मी कोरेगाव रोडच्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. काहीही उघडायचं नाही, फक्त बघायचं, असं आधीच सांगितलं, कारण बाहेर नटबोल्ट खोलले की सर्व्हिस सेंटरला बोलायला जागा मिळते. त्यांनी गाडी रॅम्पवर घेतली, लोअर आर्म (चाकाला खालून गाडीच्या फ्रेमशी जोडणारा पार्ट) आणि फ्रेमच्या मध्ये टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, घालून हलवली आणि मागचा बुश, म्हणजे आर्मच्या सांध्यातलं रबर, चांगलाच हलताना मला डोळ्याने दाखवला, रबराला चीर गेलेली दिसत होती. त्यांनी जे समजावलं ते इतकं सोपं होतं की मला राग आला, हे मला आधी कोणी का नाही सांगितलं. लिंक रॉडचा आवाज जास्त करून एकच चाक खड्ड्यात गेल्यावर येतो, दोन्ही चाकं एकदम वर-खाली झाली तर त्या रॉडवर फारसा ताण येतच नाही. माझा आवाज सरळ स्पीडब्रेकरलाही येतो आणि वर ब्रेक मारताना, रिव्हर्समधून पुढं जाताना येतो, म्हणजे चाक पुढं-मागं सरकतंय, आणि ते धरून ठेवायचं काम त्या बुशचं. थंडीत सकाळी आवाज जास्त येतो तेही रबर कडक होतं म्हणून. दीड वर्षात चार फेऱ्या आणि उत्तर १० मिनिटांत एका टॉमीने मिळालं. त्यांनी पैसे घ्यायलाही नकार दिला, मी बळेच १०० रुपये ठेवले.

पाचव्या फेरीला मी तयारीने गेलो. सकाळी इंजिन गार असताना फोन पायाशी डाव्या बाजूला ठेवून व्हिडिओ काढले, काचा बंद, एसी बंद. जॉबकार्डवर तक्रार माझ्या शब्दांत लिहून घेतली: 'पुढील डावी बाजू, १० ते १५ स्पीड, ब्रेक मारताना व रिव्हर्सनंतर पुढे जाताना टक्क आवाज, लोअर आर्म बुश तपासणे'. अॅडव्हायझर म्हणाला एवढं लिहायला जागा नाही, मी म्हणलं मागच्या बाजूला लिहा, मी थांबतो. लिहिल्याशिवाय सही केली नाही. त्यावर उत्तर आलं की बुश वेअर अँड टिअरमध्ये येतो, वॉरंटीत नाही. वायपर, ब्रेक पॅड, क्लच प्लेट झिजतात हे मला मान्य आहे, पण २१ हजारला बुशला चीर जाते आणि आवाज १० हजारपासून आहे तर याला झीज कशी म्हणायची? आणि इथंच ते पहिलं जॉबकार्ड मला नडलं, १० हजारला सांगितलं होतं याचा पुरावा माझ्याकडे नाही.

शेवटी १९१५ ला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली, चारही जुन्या जॉबकार्डचे फोटो आणि व्हिडिओ जोडले. तक्रार थेट कंपनीकडे जाते. चौथ्या दिवशी कंपनीच्या एरियाच्या माणसाचा फोन आला, आवाज एकदम नरम, आणि जो बुश वॉरंटीत बसत नव्हता तो 'गुडविल'मध्ये, म्हणजे वॉरंटीत नसला तरी कंपनीने आपणहून फुकट द्यायचा यात, बसला. मी म्हणलं गुडविल म्हणा नाहीतर काहीही म्हणा, पण मेलवर लिहून द्या. दिलं. नसतं दिलं तर जिल्हा ग्राहक आयोगात जायची तयारी होती, माझी गाडी ५ ते १० लाखाच्या मधली, तिथली फी २०० रुपये आहे, आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत जावं लागतं, म्हणून कागदावरची तारीख इतकी महत्त्वाची.

मिस्त्रींनी अजून एक सांगून ठेवलंय, नवीन बुश बसवताना आर्मचा बोल्ट गाडी हवेत असताना पूर्ण टाइट करायचा नाही, चाकं जमिनीवर टेकवून गाडीचं वजन आलं की मग शेवटचा टाइट करायचा, नाहीतर रबराला कायमचा पीळ बसतो आणि ते लवकर फाटतं. हे पण मी जॉबकार्डवर लिहायला लावणार आहे, आणि काम चालू असताना समोर उभा राहणार आहे, त्यांनी बाहेर बसायला सांगितलं तरी.

पार्ट ८-१० दिवसांत येईल म्हणले होते. आज १७ वा दिवस, रोज सकाळी फोन करतो. दोन स्टारपैकी एक चार वेळा गाडी घेतली आणि एक पार्ट तरी फुकट बदलला त्याचा, दुसरा पूर्ण त्या पोराचा. काल आईला घेऊन बाजारात गेलो, हॉर्न वाजवत मागून टेम्पो आला, ब्रेक मारला, टक्क झालं, आणि तिने हँडल धरलं.