हेअर कलरचा ताजा माल : राजारामपुरीतील एका घाऊक दुकानाविषयी

आमच्या सलूनसाठी लागणारा हेअर कलर मी कोल्हापूरच्या राजारामपुरीतील एका घाऊक दुकानातून घेते आणि त्या दुकानाची मनापासून शिफारस करते. तिथला दर थोडा चढा असला, तरी माल ताजा असतो. नवी पेटी आली की जुने बॉक्स पुढे ओढून नवे मागे लावले जातात, प्रत्येक बॉक्सच्या कडेवर मुदतीचा महिना आणि वर्ष पेनाने ठळक लिहिलेले असते, आणि बिलावर बॅच क्रमांकही न मागता येतो.

काळा आणि गडद तपकिरी रंग रोज लागतो, बर्गंडीला लग्नसराईत मागणी असते. तांबूस किंवा राखी शेड मात्र महिनोन्‌महिने पडून राहतात. अशा शेडची एकच ट्यूब मागितली तरी इथे कोणी कपाळाला आठ्या घालत नाही. यापूर्वीच्या एका विक्रेत्याने स्कीमच्या नावाखाली मुदत संपत आलेल्या ट्यूब आमच्या गळ्यात मारल्या होत्या, म्हणून ही सोय मला फार मोलाची वाटते. ट्यूब एकदा उघडली की आतील रंगघटकांचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊ लागतो, तोंडाशी आलेले क्रीम काळपट पडते, अमोनियाही उडत जातो आणि मग पांढरे केस, विशेषतः कानशिलांवरचे, नीट झाकले जात नाहीत. ब्लीच पावडरचेही तसेच आहे. कोल्हापूरच्या पावसाळ्यात उघडा डबा लगेच ओल धरतो, त्यामुळे हे दुकान लहान पाकिटे ठेवते ते बरे.

एक उणीव मात्र गंभीर आहे. डेव्हलपरच्या, म्हणजे रंग उमलावा म्हणून त्यात मिसळायच्या द्रावणाच्या, बाटल्या दाराजवळच्या रॅकवर असतात आणि उन्हाळ्यात दुपारनंतर तिथे थेट ऊन येते. २० व्हॉल्यूम तीव्रतेच्या डेव्हलपरमध्ये ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड असते. उष्णतेने आणि उजेडाने त्याचे विघटन होऊन ऑक्सिजन सुटतो, बाटली फुगते आणि रंग पुरेसा उमलत नाही. मालकांच्या कानावर हे घातल्यावर त्यांनी काचेला पडदा लावला, पण बाटल्या आतल्या खोलीतच हलवायला हव्यात. तोपर्यंत बाटली आतून मागून घ्यावी आणि फुगलेली दिसल्यास तिथल्या तिथे परत करावी. बदलून देताना ते खळखळ करत नाहीत.

फोनवर ऑर्डर देताना किमान किती मुदत शिल्लक हवी हे स्पष्ट सांगावे, कारण गर्दीच्या वेळी कामावरचा मुलगा हाताला लागेल तो बॉक्स पिशवीत भरतो.